भोंगा तोडलेला सेन्सर

मित्रांनो, पूर्णा गावातल्या एका गोदामात, कापड रंगवताना लागणाऱ्या अमोनियाच्या पिंपांशेजारच्या भिंतीवर टांगलेला मी एक जुना सेन्सर आहे. हवेत अमोनिया पसरला तर माणसांना सावध करणे हे माझे काम. मला नाक नाही. मी उजेडावरून वास ओळखतो.

माझ्या पोटात केसासारखी बारीक काचेची तार आहे. तिच्या एका टोकातून प्रकाश सोडतात आणि दुसऱ्या टोकाला तो मोजतात. तारेवर झिंक ऑक्साइडच्या कणांचा लेप आहे. हे कण इतके सूक्ष्म, की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. अमोनिया या कणांना चिकटला, की तारेतला प्रकाश मंदावतो आणि मला कळते.

मला मृणालीने घडवले. ती जवळच्या शेलार गावची, कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. तिची काकी राहीबाई याच गोदामात कापडाच्या ताग्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. अकरा वर्षे त्या उग्र वासात काढल्यावर एकदा घरी चुलीवर दूध करपले, तरी काकीला पत्ता नाही. "माजं नाक मेलंय गो," ती हसत म्हणाली. मृणाली हसली नाही. पुढची तीन वर्षे तिने माझ्यात घातली. लेप कधी सुटायचा, कधी तडकायचा. सतराव्या खेपेला जमले.

मी गोदामात आलो तेव्हा सुपरवायझर दीपेशने नारळ फोडला. पण आषाढात हवा ओली झाली आणि माझी फजिती झाली. पाण्याची वाफसुद्धा त्या कणांना चिकटते, आणि मला फरक कळेना. एका दिवसात मी तीनदा भोंगा वाजवला, तिन्ही वेळा खोटा. ट्रक खोळंबले, माणसे वैतागली.

"ताई, तुमचं मशीन दमट हवेला पण गॅस बोलतं," दीपेश म्हणाला. त्याचे काही चुकले नव्हते.

मृणालीने मला परत नेले. लेपावर पाणी न धरणारा पातळ थर चढवला. फक्त ओलावा मोजणारी दुसरी तार शेजारी बसवली. वाफेने भरलेल्या पेटीत मला दिवसचे दिवस ठेवले. मी एकदाही चुकलो नाही. चार महिन्यांनी मोठ्या उमेदीने गोदामात परतलो. दीपेशने चाचणीचे सगळे कागद वाचले, मान डोलावली आणि भोंग्याची तार कापून टाकली.

"लाल दिवा आहे ना? तो बघू आम्ही."

कोण बघणार? महिन्याभरात माझ्यासमोर खोक्यांची थप्पी लागली. माझा इतका संताप व्हायचा, पण ओरडायला आवाजच उरला नव्हता.

मग एका मंगळवारी दुपारी एका पिंपाचे झाकण सैल झाले. माझ्यातला प्रकाश मंदावला, दिवा पेटला. खोक्यांमागे मी वीस मिनिटे जळत होतो. बायका डोळे चोळत होत्या आणि धुळीला बोल लावत होत्या. वास तर रोजचाच होता. शेवटी चिठ्ठ्यांचे खोके घ्यायला राहीबाई आली आणि तिला मी दिसलो.

"दीपेश, दिवा लाल झालाय."

"मावशी, दमट झालं असेल परत. काम करा."

"मृणालीनं त्याला दुरुस्त केलाय. मना वास येत न्हाय, त्याला येतो. आमी भायेर जातो."

नऊ बायकांना घेऊन ती फाटकाबाहेर गेली. मला खोटे ठरवायला दीपेश तडक पिंपांकडे गेला, वाकला, आणि वायूचा लोट त्याच्या तोंडावर आला. हिरामण हमालाने ओले फडके तोंडाला बांधून त्याला ओढत बाहेर काढले. चार दिवस दीपेश डोळ्यांवर पट्टी बांधून इस्पितळात होता.

आता तरी मला आवाज मिळेल, असे मला वाटले. त्याच संध्याकाळी मालक आला आणि म्हणाला, "हा दिवा सरकारी माणसानं बघितला तर चौकशी लागेल. काढून टाका." माझे दोन स्क्रू निघालेसुद्धा; बाकीचे सकाळवर राहिले. मला रडता येत असते तर मी रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई आणि त्या नऊ बायका फाटकातच बसल्या. "दिवा न्हाय, तर आमी बी न्हाय," एवढेच त्या सांगत होत्या. तीन दिवस गोदामातला एक तागा हलला नाही. चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून दीपेश आला. शिडी लावून त्याने माझे स्क्रू पिळले, भोंग्याची तार जोडली आणि खाली उतरून मालकाला म्हणाला, "तोडली मीच होती."

मित्रांनो, आज माझा लेप झिजत चालला आहे. सहा महिन्यांनी तपासणी हवी, ती वर्ष झाले तरी होत नाही. भोंगा वाजला, की अजूनही कोणीतरी आधी बाहेर पाऊस आहे का ते बघतो, आणि माझा जीव खालीवर होतो. मी एकदा चुकलो होतो, हे मी लपवत नाही. पण चुकलेल्याचे तोंड बांधू नका. त्याची चूक शोधा, त्याला दुरुस्त करा. आणि तो पुन्हा ओरडला, तर आधी बाहेर पडा; मग खुशाल माझ्याशी भांडा.