लॉकरमधला बेसबॉलवाला

मी पुठ्ठ्याचा एक तुकडा बोलतोय. तळहाताएवढा आहे मी. माझ्या पुढच्या बाजूला टोपी घातलेला एक गोरा माणूस खांद्यावर लाकडी दांडू घेऊन हसतोय. त्याच्या छातीवरून निळ्या शाईत तिरपी सही गेली आहे. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत त्याचा जन्म, त्याचा संघ, त्याने मारलेले फटके. सही छापील आहे. माझ्यासारख्या हजारो पत्त्यांवर तीच सही आहे. एवढी गोष्ट कोणी वेळेवर कबूल केली असती, तर मला आज तोंड उघडावं लागलं नसतं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. तिकडे बेसबॉलच्या खेळाडूंचे पत्ते च्युइंगगमच्या पाकिटात घालून विकतात. मुलं गम चघळतात, पत्ते जमवतात आणि कोणी कोणत्या साली काय केलं यावरून भांडत बसतात. माझ्या अंगाला कितीतरी दिवस त्या गोड गमचा वास होता. माझ्यावरचा माणूस फार मोठा खेळाडू नव्हता, त्यामुळे माझ्यावरून कोणी भांडलं नाही. एका मुलाने मला दहा-पंधरा सोबत्यांबरोबर पार्सलात घातलं आणि आपल्या मोठ्या भावाला पाठवून दिलं.

तो भाऊ, डेनिस, तेव्हा नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात होता. साल असेल अडुसष्टचं. लोकांना कोंबड्या पाळायला शिकवण्यासाठी तो अमेरिकेतून आला होता. डेनिस हे नाव गावाच्या तोंडात बसेना, म्हणून गावाने त्याला दिनेश करून टाकलं. अंडी-कोंबडीचा माणूस म्हणून मोठ्या घरांनी त्याला जेवायला ओसरीच्या आत घेतलं नाही. त्याचं जेवण देवाजी गवंड्याकडे असे. देवाजीनेच त्याला कोंबड्यांची खुराडी बांधून दिली होती. छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस तो. त्याच्या घरात कोणासाठी ताटली वेगळी नव्हती.

देवाजीची मुलगी प्रेमिला आठवीत होती. तिला इंग्रजी शिकायचं होतं आणि डेनिसकडे पुस्तक नव्हतं. होतो ते आम्हीच. जेवणानंतर अंगणात बाजेवर आम्हाला मांडून तो तिला आमच्या पाठीवरची अक्षरं वाचायला लावी. देवाजी शेजारी बिडी ओढत बसे. मग डेनिसने एक खेळ काढला. तो बेसबॉलच्या इतिहासातला एक प्रश्न विचारणार, उत्तर बरोबर आलं की एक पत्ता प्रेमिलाचा.

एका खेळाडूने लागोपाठ किती सामन्यांत फटका मारला? छप्पन्न. हा आकडा लक्षात ठेवायला तिला काहीच जड गेलं नाही. "आपलं सालच होय ते," असं ती म्हणाली आणि देवाजी हसला.

एकदा डेनिसने सांगितलं की काळ्या माणसांना मोठ्या संघांत खेळू देत नसत. पुष्कळ वर्षांनी, सत्तेचाळीस साली, पहिल्यांदा एकाला घेतलं.

देवाजीने बिडी खाली ठेवली. "घेतलं तं घेतलं. पन सोबत जेवाले बसू देत होते का त्याले?"

डेनिसला मराठी जुळवायला वेळ लागला. "काही गावांत हॉटेल त्याला खोली देत नव्हते," तो म्हणाला.

"मंग समजलं," देवाजी म्हणाला. "हा खेळ आमच्या गावातही चालते."

मी तिला अगदी शेवटी मिळालो. शिकागोच्या आठ खेळाडूंचा प्रश्न होता. मुद्दाम हरले असा त्यांच्यावर आळ होता. प्रेमिलाने साल सांगितलं, एकोणीसशे एकोणीस. कोर्टाने त्यांना सोडलं हेही सांगितलं, आणि तरी त्यांना जन्मभर खेळू दिलं नाही हेही. मग तिनेच विचारलं, "कोर्टानं सोडलं तं मंग काहून काढलं?" डेनिसने बाजेवरून मला उचललं. त्याने मला तिच्या हातात ठेवलं.

त्या वर्षभरात ती कपडे धुवायची मोगरी घेऊन बागेच्या कडेला जाई आणि गळालेली हिरवी संत्री टोलवत बसे. आई ओरडे, "मोगरी मोडशील वं." मोगरी मोडली नाही. डेनिसचा कामाचा काळ संपला, तो एसटीत बसून गेला, आणि आम्ही प्रेमिलाच्या पेटीत एका जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधले गेलो. पुढे मॅट्रिकपर्यंत ती आम्हाला काढून बसायची. कोणी ऐकायला नसताना स्वतःच प्रश्न विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची. माझ्या आयुष्यातला चांगला काळ तेवढाच.

तिचं लग्न नागपूरला झालं, सक्करदऱ्यात. नवरा ईश्वरदास टेलिफोनच्या कार्यालयात कारकून. वाईट माणूस नव्हता. रविवारी तिला तलावाकडे फिरायला नेई, रेडिओवर क्रिकेट लागलं की तिला शेजारी बसवून समजावून सांगे. तिला सगळं आधीच कळत असे. तरी ती मान हलवी, कारण सांगताना तो खुशीत असे. आमच्याबद्दल ती त्याला एखाद्या दिवशी सांगणार होती. पेटीवर हात ठेवून ती तसं पुटपुटायची, मी ऐकलं आहे.

त्याआधीच तिच्या सासूने, मैनाबाईने, दिवाळीच्या तोंडावर पेटीतले कपडे उन्हात घालायला काढले.

"हा कोन होय वं?" मैनाबाईच्या हातात नेमका मी होतो.

"आई, पत्ते होत ते. बेसबॉलचे. खेळनारे लोक आहेत त्याच्यावर."

"आन हे काय लिवलं?" तिचं बोट सहीवर होतं.

"सही आहे. छापलेली आहे."

"सही करून देल्ली तुले," मैनाबाई म्हणाली आणि पुढचं काही ऐकून घ्यायच्या आधी ती ओसरीत जाऊन बसली.

ईश्वरदास संध्याकाळी आला तेव्हा आम्ही सगळे चटईवर मांडलेले होतो. बाजेवर मांडलेले असायचो तसेच, फक्त प्रश्न वेगळे होते.

"कोनं दिले?"

"दिनेशभाऊनं. अमेरिकेचा होता. आमच्या घरी जेवत होता."

"हा तोच होय का?"

"नाही हो. हा शॉर्टस्टॉप होय. दुसऱ्या आन तिसऱ्या बेसच्या मंधात उभा राहते तो." आपलं ऐकून घेताहेत असं प्रेमिलाला वाटलं. खरं सांगितलं की सुटू, असंही वाटलं असेल. तिने एकेक पत्ता उचलला आणि सांगत गेली, हा कोण, याने काय केलं, कोणत्या साली. छप्पन्न सामने सांगितले. सत्तेचाळीस साल सांगितलं. कुठे अडली नाही. बोलता बोलता तिचा चेहरा उजळला होता आणि तेच वाईट झालं.

ईश्वरदास म्हणाला, "मी इतकी वर्षं क्रिकेट ऐकून राहिलो, मले एवढं तोंडपाठ नाही. किती बसत होती तू त्याच्यापाशी?"

"बाबा राहत होते सोबत."

"एवढं कोनी उगाच शिकवते का?" मैनाबाई म्हणाली.

जेवढं तिला जास्त येत होतं तेवढी ती जास्त दोषी ठरत गेली. शेवटी तिने हातातला पत्ता चटईवर ठेवला.

आता जे सांगतो ते फक्त मलाच माहीत आहे. ईश्वरदासने मला उचललं आणि उलटं केलं. त्याला इंग्रजी येत होतं. माझ्या पाठीवरची ओळ न् ओळ त्याने वाचली, खाली छापणाऱ्या कंपनीचं नाव होतं तिथपर्यंत. त्याने आणखी दोन पत्ते उचलले. त्यांच्यावरही तशाच छापील सह्या होत्या. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. मी त्याच्या बोटांत होतो, बोटं सैल झालेली मला जाणवली. वाटलं, आता हा हसेल आणि आईला समजावून सांगेल.

त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. आणि मला खिशात घातलं.

बाकीच्यांना मैनाबाईने शेगडीत टाकलं. पुठ्ठा लवकर पेटत नाही, आधी चेहरे काळे पडतात.

निरोप मिळताच देवाजी पहिल्या एसटीने आला. "मी बसलो राहत होतो तिथं, माह्या समोर शिकली ते," तो सांगत राहिला. मैनाबाईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "बाप तं असंच म्हनन." चहा तसाच टाकून तो उठला. प्रेमिलाला सोबत चल म्हणाला. ती गेली नाही. तिला दिवस गेले होते.

मला जागा मिळाली लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्यावर. इतका मान मला अमेरिकेतही मिळाला नसता. ईश्वरदासने बायकोवर कधी हात उचलला नाही, शेजारी अजूनही त्याला सज्जन म्हणतात. भाजीत मीठ कमी पडलं, माहेरी जायची गोष्ट निघाली, तिने एखाद्या बाबतीत नाही म्हटलं, की तो उठायचा, लॉकर उघडायचा आणि मला तिच्या ताटाशेजारी ठेवायचा. ती जेवण सोडून उठायची. मग तो मला पुसून परत ठेवायचा. पुसून, हे विशेष. खोटं आहे हे ठाऊक असलेली वस्तू माणूस किती काळजीने जपतो, ते मी पाहिलं आहे.

मैनाबाई वारली. मला वाटलं, ज्या आईसमोर त्याला माघार घेता आली नव्हती ती गेली, आता तरी हा बोलेल. त्याला सवय झाली होती.

मुलगी मोठी झाली, पुष्पलता. आठवीत गेली. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी ती शाळेतून हातात लाकडी दांडू घेऊन आली. शाळेत सॉफ्टबॉलचा संघ काढला होता आणि तिची निवड झाली होती. बेसबॉलचीच धाकटी बहीण, चेंडू मोठा, मैदान लहान. लॉकरचं दार किलकिलं राहिलं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, मले शॉर्टस्टॉपले उभं करून राहिले. ते कुठं असते तुले माहीत आहे का?"

प्रेमिला पोळ्या लाटत होती. लाटणं थांबल्याचं मला ऐकू आलं. मग पुन्हा सुरू झालं.

"मले काय समजते त्यातलं."

ईश्वरदास पेपर वाचत होता. "पूस ना तिले," तो म्हणाला. "तुह्या आईले लय माहीत आहे." तो उठला. त्याने मला काढलं आणि या वेळी पोरीच्या हातात दिलं.

पुष्पलताने मला डोळ्यांजवळ धरलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला खुशीने पाहत होतं. "बाबा, हा तं बेसबॉलवाला आहे. तुमच्याजवळ कुठून आला? आई, पाह्य ना, मागं सगळं लिहिलं आहे." ती अडखळत वाचू लागली. मला सगळं आठवलं, ती बाज, ती बिडी, तो हिरव्या संत्र्यांचा वास. मी प्रेमिलाकडे पाहत होतो. एक शब्द बोल, मी मनात म्हणत होतो. तुझ्या पोरीने विचारलं आहे, आता तरी सांग.

प्रेमिलाने पिठाचे हात पदराला पुसले आणि मला हातात घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"कोनाचा फोटो होय कोन जाने," ती म्हणाली. "तुह्या बाबाचा होय. त्याहिलेच इच्यार."

तिने मला पाटाच्या कडेला ठेवलं आणि तव्यावरची पोळी उलटली.

पुष्पलता बापाकडे पाहत राहिली. ईश्वरदासने घसा साफ केला, पेपर उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग मला उचलून लॉकरमध्ये टाकलं. पुसलं नाही. त्यानंतर त्याने मला कधी बाहेर काढलेलं नाही. पुष्पलता दांडू घेऊन रोज मैदानावर जाते. सत्तेचाळीस साली काय झालं आणि शिकागोच्या आठ जणांचं काय झालं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. ज्या बाईला ते सांगता येतं, ती आता सांगणार नाही.

माझ्या कडा मऊ झाल्या आहेत, सही फिकी पडत चालली आहे. लॉकरमध्ये नॅप्थालीनच्या गोळ्यांचा वास आहे, गमचा वास कधीच गेला. एक विनंती करून थांबतो. हे कपाट कधी विकलं गेलं आणि मी तुमच्या हाती लागलो, तर माझी मागची बाजू वाचा, कोणाला सांगायचं ते सांगा, पोरांना खेळायला द्या. फक्त प्रेमिलाबाई कुठे राहतात ते विचारत येऊन, तुमची वस्तू सापडली म्हणून मला त्यांच्या दारी नेऊ नका.