लालासाहेबांचा पिरान्हा

आमच्या मालकांचं, म्हंजे लालासाहेबांचं, कुत्रं पाळून समाधान झालं न्हाई. वडूजात कुत्रं काय, कुणाच्याबी दारात असतंय! म्हणून ह्यांनी हॉलमधल्या काचेच्या टाकीत पिरान्हा आणून सोडला. आल्यागेल्याला सांगायचं, "बोट घातलं तर नुस्तं हाड बाहीर येतंय." पावणं बिचारं चहाची बशी सावरत मागं सरकायचं.

मासा मात्र मटणाकडं ढुंकूनबी बघंना. मी शेंगदाणं टाकलं की कुडुमकुडुम खायचा. माझा भाचा ऋषिराज सांगलीत असल्या माशांचं दुकान चालवतो, त्याला व्हिडिओ धाडला. तो हसतच सुटला.

"आत्या, तोंडात बघ. पिरान्ह्याचं दात करवतीवानी तिकोनी असत्यात. ह्याचं आपल्या दाढांवानी चपटं हायत. पोट दोघांचंबी तांबडं, म्हणून लोक फसत्यात. आगं, हा रूपचंद हाय, बाजारात कालवणाला मिळतो तो!"

मी गप बसले. मिरवंना का, तेवढंच नवऱ्याला सुख.

मग माझं कानातलं सोन्याचं झुबं गेलं. कपाटाला किल्ल्या दोनच, एक माझ्या कमरेला, एक ह्यांच्या खिशात, आन ह्यांच्या सांगलीच्या फेऱ्या तर लय वाढल्या व्हत्या. तरी ह्यांनी नाव घेतलं ते भांडी घासणाऱ्या अंजनाचं, तेबी हॉलभर पावणं बसल्यावर. ती गरीब रडायलाच लागली.

"बिरोबाचा भंडारा उचलते, सायेब. म्या न्हाई घेतलं."

"भंडारा कशाला? ह्या टाकीत हात घाल. खरी असशील तर मासा शिवायचा न्हाई."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! त्या मिशावाल्या पावण्यांतल्या एकालाबी 'नको' म्हणावं वाटलं न्हाई, उलट बघायला म्होरं सरकलं मेलं.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राह्यले. "घाल अंजना. मी हाय."

डोळं घट्ट मिटून तिनं कोपरापर्यंत हात घातला. मासा आला, बोटांभवती फिरला, शेंगदाणं न्हाईत बघून निघून गेला.

"झालं?" मी म्हणलं. "आता तुमी घाला, मालक. आन सगळ्यांदेखत म्हणा, ते झुबं मी सांगलीला कुणाच्या कानात घातलं न्हाई."

ह्यांनी बाही सारली, हात टाकीच्या काठापर्यंत नेला. मासा खायला मिळंल म्हणून तोंड उघडून वर आला. हात तसाच मागं येऊन खिशात गेला.

"पाणी लय गार हाय," मालक म्हणले.

पावण्यांनी माना खाली घातल्या. अंजनानं पदरानं हात पुसला आन ह्यांच्या तोंडाकडं बघत राह्यली. आजवर तिनं मान वर करून ह्यांना बघितलं नव्हतं.

मी जाळीनं मासा धरला, ओठ वर करून ह्यांच्या नाकाम्होरं नेला.

"दात बघा. रूपचंद हाय. हात घातला असता तर तुमी सुटला असता."