तेवीस किलोंचे माहेर

मित्रांनो, मी एक जुना टांगता काटा आहे. वर धरायला कडी, खाली माल अडकवायला हूक आणि मधल्या गोल तबकडीवर फिरणारी सुई, एवढाच माझा संसार. हल्ली चपटे, लाल अंक चमकवणारे काटे निघाले आहेत. त्यांना बॅटरी लागते. मला बॅटरी लागत नाही, पण कुणीतरी हातात उचलून धरावे लागते. कुणी उचलले तरच मी बोलतो. खिळ्यावर अडकवले की माझे तोंड बंद.

एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. माझी स्प्रिंग बसवली, वजने टांगून मला तपासले, तबकडीवर शिक्का मारला आणि मी वर्ध्याजवळच्या देवळी गावात एका दुकानात खोक्यात येऊन पडलो. तिथून मधुकररावांनी मला घेतले. देवळीजवळ त्यांची दोन एकर बाग होती. वांगी, पालक, मेथी, मिरची आणि सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. त्यांची बायको मंदाबाई बाजारात बसायच्या आणि मी त्यांच्या हातात असायचो.

तीस वर्षे मी चोख वजन सांगितले. "मंदाबाईच्या काट्यात खोट नाई," असे बायाबापड्या एकमेकींना सांगत. ऐकून मला फार अभिमान वाटायचा, उगाच कशाला लपवू? फक्त एक गोष्ट मला खटकायची. मी बरोबर एक किलो दाखवले की मंदाबाई मला खाली ठेवत आणि वरून दोन वांगी नाहीतर मूठभर मिरच्या पिशवीत टाकत. वरून टाकल्याशिवाय माप पुरे झाले असे त्यांना वाटतच नसे. त्या वरच्या मुठीला वजन असते, हे त्यांनी कधी मानले नाही. मला कुणी विचारलेही नाही.

पुढे बाजारासाठी नवा बॅटरीचा काटा आला. तो दहा किलोंच्या पुढे जात नाही, तरी त्याचा काय तोरा! मी बाहेरच्या खोलीत खिळ्यावर गेलो. धूळ बसली, एका कोळ्याने जाळे विणले. असेच दिवस जातील असे वाटत असताना घरात ओसाकाचे नाव निघाले.

ओसाका हे जपानमधले मोठे शहर. मधुकररावांची लेक गुंजन लग्नानंतर तिथे राहते. तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितले. मंदाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ते येऊ शकत नाई तं आपण जाऊ. माहेर तिकडं घेऊन जाऊ."

झाले, घरात लगीनघाई उडाली. वर्ध्याला नोकरी करणारा मुलगा हर्षित रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसायचा. पासपोर्ट झाले, व्हिसा झाला. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून ओसाका असे ठरले. हर्षितला तिथला किल्ला आणि भरधाव रेल्वे पाहायची होती. मधुकररावांना तिथला भाजीबाजार पाहायचा होता. मंदाबाईंना गुंजनशिवाय काहीच पाहायचे नव्हते. गुंजन फोनवरून बजावत होती, "बाबा, हिरवं काही आणू नका, पेरायच्या बियासुद्धा नका. आणि माणशी एकच बॅग, तेवीस किलोंची."

तेवीस किलो! आणि मग माझी आठवण झाली, मित्रांनो. मधुकररावांनी मला खिळ्यावरून काढले, धोतराच्या सोग्याने पुसले. हर्षित म्हणाला, "बाबा, बॅगा मोजायचा छोटा काटा मिळते दुकानात." मधुकरराव म्हणाले, "काऊन? आपला काटा कधी खोटं बोलला का?" तेव्हा मला जे वाटले ते सांगायला माझ्या तबकडीवर जागा नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिन्ही बॅगा तोलल्या. डिंकाचे लाडू, हळीव, सुंठ, ओवा, जवसाची चटणी, कुकर, पितळी वाटी. हे काढ, ते ठेव, असे करत प्रत्येक बॅग मी बरोबर तेवीसवर आणली. मधुकररावांनी मला बाजूच्या पाटावर ठेवले आणि ते हातपाय धुवायला गेले.

मंदाबाई आतून आल्या. हर्षितच्या बॅगेत त्यांनी वरून डाळीची पुडी टाकली. मधुकररावांच्या बॅगेत सांडगे टाकले. स्वतःच्या बॅगेत जुन्या लुगड्यात बांधलेले एक गाठोडे ठेवले. त्यात सहा दुपटी आणि दोन कुंच्या होत्या. स्वतःची जुनी मऊ लुगडी फाडून त्यांनी ती तीन महिने हाताने शिवली होती आणि शेवटचा टाका तासाभरापूर्वीच घातला होता.

मदतीला आलेल्या शेजारच्या प्रमिलाबाई म्हणाल्या, "मंदा, काटा करून झाला ना व आता?"

"दुपट्याले काय वजन रायते का?" मंदाबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी चेन लावली.

मी हातभर अंतरावर पडलो होतो. असतं, मंदाबाई, दुपट्यालाही वजन असतं! पण मला उचलणार कोण?

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंचा मुलगा अश्विन याने सगळ्यांना गाडीने नागपूरच्या विमानतळावर नेले. मीही कापडी पिशवीत संगती होतो. मोंढ्यात अडत्याच्या काट्यावर माल घालून अनेकदा ठकलेला माणूस आपला काटा घरी कसा ठेवेल? खिडकीमागच्या मुलीने पहिली बॅग ठेवायला सांगितली आणि म्हणाली, "काका, चोवीस किलो चारशे आहे. कमी करा, नाहीतर त्या खिडकीवर जादा पैसे भरून या."

त्या खिडकीवर भली मोठी रांग होती आणि वेळ थोडा होता. मधुकररावांचा चेहरा लाल झाला. "पोरी, तुमच्या काट्यात फरक हाये. आमचा पाहा." त्यांनी मला पिशवीतून काढले, हूकमध्ये बॅग अडकवली आणि भर गर्दीत मला उंच धरले.

माझी सुई तेवीसवर आली आणि तिथे थांबली नाही. थोडेसे खोटे बोलता येत असते तर त्या दिवशी मी बोललो असतो. माझ्या धन्याने माझ्या भरवशावर बॅग उचलली होती आणि मी त्याच्याच तोंडावर त्याला चुकीचे ठरवत होतो. चोवीस किलो चारशे.  मधुकररावांनी मला खाली ठेवले आणि खाली मान घालून चेन उघडली.

बाकीच्या दोन बॅगाही जास्तच भरल्या. घाईत माणूस जे वर असते ते काढतो. त्यांनी डाळ काढली, सांडगे काढले आणि ते गाठोडेही काढले. ते जुने लुगडे त्यांना सामान बांधायचे फडके वाटले. मंदाबाई दूर खुर्चीवर हातातल्या पिशव्या सांभाळत पाठमोऱ्या बसल्या होत्या. माझ्या हुकाने नुसता खणखणाट केला असता तरी त्यांनी वळून पाहिले असते. पण मी जमिनीवर आडवा होतो. हर्षित दाराशी धावला आणि सगळे अश्विनच्या हातात देऊन म्हणाला, "घरी ठेवजो, भाऊ." माझा हूक आत नेता येणार नाही, म्हणून मलाही त्याने अश्विनच्या हाती दिले.

अश्विनने मला पुन्हा खिळ्यावर टांगले आणि गाठोडे माझ्याखाली पाटावर ठेवले.

चौथ्या दिवशी प्रमिलाबाई दिवा लावायला आल्या असताना मंदाबाईंचा फोन आला; प्रमिलाबाईंनी तो स्पीकरवर टाकला. "प्रमिला, माह्यं गाठोडं तिथं हाये का व?"

"हाये ना बाई, काट्याखालीच हाये. अश्विनले पाठवाले लावू का?"

 मग मंदाबाई म्हणाल्या, "आता कवा पोचन ते? पोरीले कवाही कळा येतीन. राहू दे."

मित्रांनो, तुमच्या घरातही सामानाची बांधाबांध होत असेल. वजन जास्त झाले तर खुशाल कमी करा, पण काढण्याआधी ज्याने ठेवले त्याला एकदा हाक मारा. मी फक्त किलो सांगतो. कशात काय बांधले आहे ते मला कितीही ठाऊक असले तरी सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात गुंजनला मुलगी झाली. प्रमिलाबाई दारात उभ्या राहून गल्लीभर ओरडून सांगत होत्या, "तीन किलो शंभर हाये व लेक!" तिकडच्या दवाखान्यात मऊ टॉवेल असतील, बाळाला काही कमी पडले नसेल. पण गुंजन याच खोलीत जन्मली, तेव्हा सुईणीने तिला मंदाबाईंच्या लुगड्याच्या झोळीत घालून माझ्यावर तोलले होते. दोन किलो सातशे. तिच्या लेकीचे वजन मात्र मला भिंतीवरून ऐकावे लागले.