‘गालिनी’ जहाजाची घंटा

ज्याने आयुष्यात कोणाचे वाईट चिंतिले नाही, त्याच्या हातूनही एखाद्या दूरच्या घराची शेवटची आशा पुसली जाऊ शकते. तो हात त्या वेळी पूजेसाठीच उचललेला असतो, हे त्यातले सर्वांत मोठे दुःख. अशा कृत्याला पाप म्हणावे की भक्ती, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मी केवळ साक्षी आहे. आणि साक्ष देण्याजोगे माझ्याजवळ जे एकच होते, तेही आता उरलेले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी कांस्याची घंटा आहे. वर्धा जिल्ह्यातील आंजी गावात, महादेवाच्या मंदिराच्या सभामंडपात मी टांगलेली आहे. माझा जन्म मात्र ग्रीस देशातील एका बेटावर झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला गेला, तेव्हाच माझ्या अंगावर एका मालवाहू जहाजाचे नाव उमटले : ‘गालिनी’. त्या भाषेत याचा अर्थ शांत समुद्र. जहाज प्रथम पाण्यात उतरले त्या दिवशी तेथील पुरोहिताने तुळशीसारख्या सुगंधी डहाळीने माझ्यावर मंत्रलेले पाणी शिंपडले. पुष्कळ वर्षांनी आंजीच्या पुजाऱ्याने माझ्यावर तुळशीपत्राने पाणी शिंपडले, तेव्हा मला क्षणभर वाटले, मी घरीच आले आहे.

जहाजावर मी पहाऱ्याची वेळ सांगत असे. धुके दाटले, की माझा अखंड नाद समोरून येणाऱ्या नौकांना सावध करी. मानोलिस नावाचा एक खलाशी रोज सकाळी मला फडक्याने उजळीत असे. त्याची आई एकदा बंदरावर आली होती. तिने माझ्या अंगावरील नावावरून बोट फिरवले आणि काहीतरी पुटपुटली. आयांचे पुटपुटणे सर्व भाषांत सारखेच असते.

पुढे दोन देशांत युद्ध पेटले. त्या युद्धाशी आमचे देणेघेणे नव्हते. आम्ही गहू वाहत होतो. तरी एका अरुंद सामुद्रधुनीत शस्त्रधारी नौकांनी आम्हांला वेढले. खलाशांना डोक्यावर हात ठेवून शिडीवरून उतरवण्यात आले. माझ्याजवळून जाताना मानोलिसने क्षणभर हात खाली घेऊन मला स्पर्श केला. त्यानंतर तो मला दिसला नाही.

जहाजाच्या अंगावरील नाव रंगाखाली गडप झाले. ध्वज बदलला. काही वर्षांनी दुसरे नाव आले, त्यावर तिसरे. ‘गालिनी’ कोठे गेली असे जगात कोणी विचारले असते, तर कागदोपत्री ती कोठेच नव्हती. ती केवळ माझ्या अंगावर उरली होती, कारण ओतीव अक्षरे रंगाने झाकण्याची कोणाला गरज वाटली नाही. अखेर गुजरातच्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी, त्या जहाजाला चिखलात चढवून कापण्यात आले. आणि मी जुन्या पितळेच्या ढिगातून हिंगणघाटला, ताराचंद नावाच्या भांडेविक्रेत्याच्या दुकानी पोहोचले.

तेथे कवडू आला. आंजीला वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारा हा सरळ मनुष्य. त्याचा मुलगा राकेश खलाशी होऊन प्रथमच समुद्रावर निघाला होता. त्याच्या सुखरूप परतीसाठी महादेवाला घंटा अर्पण करायची, असा नवस कवडू बोलला होता.

“भाऊ, हे अक्षरं कोनत्या देशाचे, देव जाने,” ताराचंद म्हणाला. “राहू देऊ का? शोभून राह्यले.”

“दुसऱ्याचं नाव देवाच्या दारी कसं नेता, शेठ? उद्या महादेव पुसन, कवडू, मी कोनाच्या पोराले सांभाळू? घासून टाका.”

“मंग तुमच्या पोराचं नाव मोठ्ठं कोरतो. देवाले चष्मा लागला तरी दिसन.”

दोघेही हसले. आपल्याकडे दानाच्या वस्तूवर दात्याचे नाव असावे, हा जुना संकेत आहे. त्यात वावगे काही नाही. कानस फिरली. माझ्या अंगावरून कांस्याचा चुरा झडला आणि ‘गालिनी’ जमिनीवर सांडली. त्या जागी नवी अक्षरे कोरली गेली : ‘चि. राकेश याच्या सुखरूप प्रवासार्थ’.

राकेश पुष्कळ फेऱ्या करून परतला. प्रत्येक वेळी त्याची आई, जिजाबाई, मला कुंकू लावून जाई. परंतु गेल्या वर्षी, दुसऱ्याच एका युद्धात, तो ज्या ग्रीक जहाजावर होता ते पकडले गेले. काही खलाशी सुटून आले. राकेश आला नाही. कार्यालयांतून एकच उत्तर मिळे : त्या नावाचे जहाज आता कोणत्याही बंदरात नाही.

राकेशची बहीण नंदिनी हिने ग्रीसमधील स्तामातिस नावाच्या एका वृद्ध गृहस्थांचा शोध लावला. युद्धात हिरावलेल्या जहाजांचे पुढे काय झाले, हे शोधण्यात त्यांनी आपले उत्तरायुष्य घातले आहे. एका सकाळी ती मंदिराच्या पायरीवर बसून, फोनच्या पडद्यावर समोरासमोर, त्यांच्याशी बोलत होती. आईवडील शेजारी होते.

“मा, ते म्हनतात, जहाजाचं नाव रंगवून बदलवते, पन घंटेवरचं नाव कोनी बदलवत नाई,” ती सांगू लागली. “घंटा सापडली, की जहाज सापडते. घरच्यायले कळते तरी.”

बोलता बोलता वृद्धांची दृष्टी तिच्या मागे गेली असावी. त्यांनी तिला फोन माझ्याजवळ न्यायला सांगितले. बराच वेळ ते माझा आकार, माझी कडी, माझी कड पाहत राहिले. मग हळू आवाजात काही बोलले.

“काय म्हने?” जिजाबाईंनी विचारले.

“ही जहाजाची घंटा आहे म्हनतात. त्यायच्याच देशाची, जुनी. विचारून राह्यले, हिच्यावर नाव काय होतं?”

कवडूने मान खाली घातली.

“मले वाचता आलं नाई,” तो म्हणाला. “मीच घासाले लावलं.”

जिजाबाई उठल्या. राकेशच्या नावाखालच्या घासलेल्या, गुळगुळीत कांस्यावरून त्यांनी बोट फिरवले. तसेच, जसे त्या दुसऱ्या आईने फिरवले होते.

“त्या घरचेबी असेच पुसत असन,” त्या म्हणाल्या. “अन् आपल्या राकेशच्या जहाजाची घंटा कोन्या देवळात गेली असन, तिच्यावरचं नाव कोनी असंच भक्तीनं घासलं असन, त आपन कोनाले पुसावं वो, नंदे?”

नंदिनीने ते वाक्य त्या वृद्धांना सांगितले नाही. फोन तसाच तिच्या हातात राहिला.

त्या दिवसापासून कवडू मंदिरात येतो, हात जोडतो. मला वाजवीत नाही. जिजाबाई वाजवतात, दोनदा. एक नाद राकेशचा. दुसरा कोणाचा, ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. पण मला एकच आवाज दिलेला आहे, आणि त्यात नाव मावत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरील जे तुम्हांला वाचता येत नाही, ते पुसू नका. ते वाचणारे कोणीतरी कोठेतरी वाट पाहत असेल. इतकेच माझे मागणे. यामुळे ‘गालिनी’ परत येणार नाही, आणि राकेशही येईल असे मला वाटत नाही.

मानोलिसच्या मातेला विसावा मिळो. जिजाबाईंच्या दारातला दिवा राकेशच्या नावाने तेवत राहो. ज्याने घासायला लावले, त्या कवडूचे हात पुन्हा माझ्या दोरीपर्यंत पोहोचोत. शांत समुद्र सर्वांना लाभो.