नानांनी खुर्ची सोडल्यावर

नानांनी आपणहून प्रमुखपद सोडलं, तेव्हा वर्कशॉपमध्ये कुणाला खरं वाटेना. वर्कशॉप तसं लहानच. एक लांबट शेड, एका टोकाला काचेची केबिन आणि मधे चाकाच्या खुर्च्या बनवणारी मोजकी माणसं. दुकानातली तयार खुर्ची ज्यांच्या अंगाला बसत नाही, त्यांच्यासाठी इथे मापाप्रमाणे खुर्ची व्हायची. नानांचं रक्तदाबाचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि नाना सरळ मालकांकडे गेले. म्हणाले, "चाकं बसवायचं काम मी करीन. डोकेफोड मात्र आता टेपताई करील."

टेपताई म्हणजे मापं घेणारी. तिच्या गळ्यात कायम मापाची टेप असायची. एकदा ती तशीच बँकेत गेली आणि रांगेतल्या एका गृहस्थांनी तिला ब्लाउजची शिलाई विचारली. ते ऐकून नानांनी तिचं बारसं केलं, आणि ते नाव इतकं चिकटलं की मालकसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

नानांनी स्वतःच्या हाताने केबिनमधला खण रिकामा केला, तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "चल, आता मी सुटलो."

पण सुटणं काही त्यांच्या रक्तात नव्हतं. रोज सकाळी चहाचे कप हातात घेऊन सगळे आराखड्यांच्या टेबलाभोवती जमत. टेपताई विचारायची, "ही सांगाड्याची नळी पातळ घेतली तर चालेल का?" वेल्डर नानांकडे बघायचा. गादीवाल्या मावशी नानांकडे बघायच्या. संगणकावर आराखडे काढणारी तर मान वर करण्याआधीच नानांच्या दिशेने वळवायची. आणि नाना बोलायचे. चुकीचं बोलायचे असंही नाही. टेपताई तिथे पाहुण्यासारखी उभी राहायची आणि "बरोबर आहे" म्हणायची.

तिला राग यायचा, आणि मग त्या रागाची लाज वाटायची. ती इथे आली तेव्हा तिला काय येत होतं? उभ्याने माप घ्यायची आणि माणसं अंग चोरायची. नानांनीच तिला सांगितलं होतं, "आधी जमिनीवर बस. त्यांना सगळे वरून बघतात, तू खालून बघ." अशा माणसाला गप्प बसा म्हणून कसं सांगायचं?

घरी तिने नवऱ्यापाशी हे गाऱ्हाणं मांडलं. नवरा भांडी पुसत होता. तो म्हणाला, "मला पातेली कशी घासता येत नाहीत, हे तू लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलंस. तेव्हा नाही जीभ अडखळली."

"तू वेगळा."

"हो, मी फुकटचा," तो म्हणाला आणि पातेलं तिच्या हातात देऊन निघून गेला.

असेच काही महिने गेले. मग भूगोलाच्या बाईंच्या खुर्चीचं काम आलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पण मुलांच्या शिकवण्या चालू. पाय साथ देत नव्हते, जीभ मात्र खणखणीत होती. बसून बसून पाठ दुखते, अशी त्यांची तक्रार होती, म्हणून टेपताईने मावशींना गादी जाड करायला सांगितली. पुढे एक दिवस बाईंनी फोन केला. तो उचलला नानांनी. बाईंना खुर्ची टेबलाखाली सरकवायची होती आणि हात टेकायच्या पट्ट्या आड येणार होत्या. नानांनी फोन ठेवला, वेल्डरच्या खांद्यावर थाप मारली आणि पट्ट्या दोन बोटं खाली घ्यायला सांगितल्या. टेपताईला सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आजवर कुणाला विचारलं होतं त्यांनी?

बाई खुर्चीत बसून बघायला आल्या. जाड गादीने त्या वर गेल्या होत्या आणि पट्ट्या खाली. दोन्ही कोपरं अधांतरी लोंबकळत राहिली. बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, "मी उडायचं आहे का?"

नानांचा चेहरा पडला. ते तोंड उघडणार, एवढ्यात टेपताई पुढे झाली. "चूक माझी आहे, बाई. मी नीट सांगितलं नाही. आठवड्याभरात दुरुस्त करून देते."

बाई गेल्या. वेल्डरने हातमोजे काढून बाकावर आपटले. तसा तो अबोल माणूस, नळ्यांशी जास्त बोलायचा. "ताई, एक विचारू? आम्ही ऐकायचं कुणाचं? ते एकदा ठरवा. दोघांचं ऐकलं की असं होतं."

टेपताई मावशींच्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसली. मावशी सुईत दोरा ओवत होत्या. दोरा ओवून झाल्यावर म्हणाल्या, "खोटं कशाला बोललीस?"

"त्यांचा सगळ्यांसमोर पाणउतारा झाला असता."

"आणि आता काय झालं? लेकराने दूध सांडलं आणि आईने पुसलं. अगं, ज्याला कुणी चूकसुद्धा दाखवत नाही, त्याला लोकांनी मोडीतच काढलं म्हणायचं."

ते तिला झोंबलं. दुपारी ती मागच्या अंगणात गेली. नाना एक चाक फिरवून त्याच्या तारा कसत होते. ती म्हणाली, आज ऊन आहे. मग म्हणाली, नव्या तारा बऱ्या दिसतात. मग मालकांचा विषय निघाला.

"माप घेताना तू इतक्या गिरक्या घेत नाहीस," नाना चाकावरून नजर न काढता म्हणाले.

मग ती बोलली. "नाना, तुम्ही मला न सांगता पट्ट्या खाली घ्यायला लावल्यात. मी गादीचं तुम्हाला सांगितलं नाही, तेही चुकलं. पण बाईंना मी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि तसं मी पुन्हा करणार नाही. सकाळी मी विचारते आणि उत्तर तुम्ही देता. बाकीचे तुमच्या तोंडाकडे बघतात, मीसुद्धा बघते. असं नाही चालणार मला."

चाक फिरत राहिलं. नानांनी ते हाताने थांबवलं. "झालं बोलून?"

"झालं."

"बरं," म्हणून ते उठले, हात पुसले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

टेपताईला त्या रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्याने या वेळी चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी नाना आले, पण टेबलापासून लांब, खिडकीपाशी कप घेऊन बसले. टेपताईने विचारलं, "बाईंच्या पट्ट्यांचं काय करायचं? वर घेतल्या तर टेबल आड येतं, खाली घेतल्या तर कोपरं लोंबतात."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. नाना कपात बघत होते, जणू चहाच्या तळाशी काही पडलंय. टेपताईला वाटलं, आपणच काहीतरी सांगून हा पेच सोडवावा. तिच्या ओठांवर उत्तर आलंही होतं, आणि ते चुकीचं आहे हे तिला माहीत होतं. तिने ते गिळलं आणि कप गोल फिरवत बसली.

"आखूड केल्या तर?" आराखडेवाली म्हणाली. आवाज इतका बारीक होता की वेल्डरला पुन्हा विचारावं लागलं. "म्हणजे उंची आधी होती तीच ठेवायची, आणि पुढून कापायच्या. कोपर मागे टेकतं. पुढचा भाग नसला तर खुर्ची टेबलाला भिडेल."

वेल्डर विचारात पडला. "पुढे नळीला बाक द्यावा लागेल. होईल."

"मला गादीची शिलाई पट्टीच्या आत घ्यावी लागेल," मावशी म्हणाल्या. "नाहीतर घासेल."

"हे तुला आधीपासून सुचलं होतं?" टेपताईने विचारलं.

आराखडेवाली लाजली. "बाईंचा फोन आला त्याच दिवशी. पण नाना होते ना."

खिडकीपाशी नाना नुसते खाकरले. त्या दिवशी टेपताईने एकच गोष्ट ठरवून टाकली: खुर्चीत काहीही बदलायचं असलं, तर सगळ्यांनी हातातलं काम ठेवून त्या खुर्चीभोवती उभं राहायचं आणि तिथेच बोलायचं. पुढे एकदा तिने स्वतःच हे मोडलं, आणि वेल्डरने तिला सगळ्यांसमोर बोलावून उभं केलं. तिला ते फार आवडलं नाही, तरी उभी राहिली.

नाना आपणहून बोलायला आले ते आठवडा संपता संपता. केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "मी चिडलो होतो."

"माहीत आहे."

"बायकोला सांगितलं, ही पोरगी मला असं असं म्हणाली. वाटलं, माझी बाजू घेईल. तर म्हणाली, बाई गं, सुटले, कुणीतरी सांगितलं एकदाचं. मी इथली खुर्ची सोडल्यापासून तिच्या स्वयंपाकघरात रोज बैठक घेतोय म्हणे. कुठला डबा कुठे ठेवायचा, सगळं सांगतो म्हणे."

टेपताईने हसू दाबायचा प्रयत्न केला. नानांनीच ते आधी सोडलं, मग तिलाही आवरेना.

"बसा ना," ती म्हणाली.

"नको, चाकं पडलीत," नाना म्हणाले, पण बसले. बराच वेळ बसले. आराखडेवालीला इतके दिवस तोंड उघडू दिलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं. तिला चाकांचं वजन कसं तोलायचं ते शिकवू का, असं त्यांनी विचारलं. टेपताई म्हणाली, शिकवा, पण तिलाही बोलू द्या. पहिले काही दिवस आराखडेवाली कानांत कापूस घालायची भाषा करत होती. मग हळूहळू नाना प्रश्न विचारून थांबायला शिकले. थांबताना ओठ घट्ट मिटून धरायचे, ते सगळ्यांना दिसायचं.

भूगोलाच्या बाई पुन्हा आल्या. बसल्या. कोपरं टेकली. आराखड्यांच्या टेबलाखाली खुर्ची सरकवून त्यांनी हात पुढे पसरले आणि म्हणाल्या, "हं. आता मुलांचे कान हाताला लागतील." टेपताई जमिनीवर बसून त्यांच्या पावलांखालची पट्टी तपासत होती. वेल्डर आणि मावशी बाजूला उभे होते.

नाना दोन पावलं पुढे आले, थबकले. "ताई, बाईंना पिशवी अडकवायला मागे हूक लावू का?"

"मला काय विचारता, नाना? बाई बसल्यात ना समोर, त्यांना विचारा."

"दोन लावा," बाई म्हणाल्या. "एक छत्रीला."