चाळीस मिनिटं गप्प

हॉस्पिटलात स्कॅन काढणाऱ्या बाईंच्या शिस्तीला अख्खा स्कॅन विभाग टरकून होता. मेंदूचा स्कॅन म्हणजे आधी किरणोत्सारी साखर टोचायची आणि पेशंटला अंधाऱ्या खोलीत चाळीस मिनिटं निपचित बसवायचं. मध्येच कुणी बोललं, की मेंदूतली बोलण्याची जागा जास्त साखर खाते आणि चित्र बिघडतं. वीस वर्षांत बाईंनी भल्याभल्यांना गप्प केलं होतं.

आज खुर्चीत त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता. एके काळी दादाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, की शेजारी काढता पाय घ्यायचे. वहिनी गेली आणि त्याने तोंडाला कुलूपच घातलं. वर्षभरात बहिणीची ओळखही पुसली. समोर आली की "अहो बाई" म्हणायचा. डॉक्टर म्हणाले होते, "मन खचलं असेल तर गोळ्यांनी माणूस परत येईल. मेंदूच वाळत असेल, तर मात्र काही हातात नाही." मन खचलंय, नुसतं मन खचलंय, असा बाईंनी सकाळपासून धोशा लावला होता.

साखर टोचून झाली, दिवा मालवला. बाई दारातच रेंगाळल्या. विसाव्या मिनिटाला खुर्ची करकरली.

"ए ढब्बू," दादा म्हणाला. अगदी पूर्वीच्या आवाजात! "ऐक ना, तुला एक सांगायचंय..."

"शूऽऽ! बोलायचं नाही!" बाईंच्या तोंडून गेलं. वीस वर्षांची सवय ती, विचारून थोडीच येते!

दादा मुकाट गप्प झाला. मग कुठे ती लहानपणीची हाक बाईंच्या डोक्यात शिरली. ढब्बू! आठवलं की याला! त्यांचा जीव नुसता हरखला. आता वीसच मिनिटं कळ काढायची, चित्र चांगलं येऊ दे, मग बोल म्हणावं दिवसभर. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

स्कॅन झाला. पडद्यावर मेंदू उमटला. धडधाकट असता तर सगळीकडे लाल-पिवळा दिसला असता. दोन्ही कानांच्या वर मात्र गडद निळं होतं. तिथे साखर कुणी खाल्लीच नव्हती. असली चित्रं बाईंनी शेकड्यांनी काढली होती. डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

त्या धावत आत गेल्या आणि दादाचे हात धरून रडायलाच लागल्या. "दादा, मघाशी काय सांगत होतास? बोल रे आता. हवं तेवढं बोल."

दादाने दाराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ," तो हळूच म्हणाला. "त्या बाई रागावतात."