न बोलायचं काम

रिठदच्या बायकांच्या रोपवाटिकेत मंजुषाताईंचा एकच नियम होता: जिला जे येत नाही, ते काम तिचं. म्हणून वाशीमच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या तनुजाला. दहा वर्षं गिऱ्हाइकांशी बोलत आलेल्या आवडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मंग मले कोनतं काम?"

"तनुजाजवळ बसा, पन बोलू नका. तुमाले तेच जमत नाही."

तनुजा आवडाबाईचेच शब्द वापरून रोपं खपवत होती. आवडाबाई पदराचं टोक चावत बसली.

"मिरचीची पानं आकसून राह्यली, काय करू?" एका शेतकऱ्याने विचारलं.

तनुजा अडखळली आणि आवडाबाईकडे पाहू लागली. उत्तर आवडाबाईच्या अगदी जिभेवर होतं.

नियम पाळण्यात एवढी गोडी असते, हे तिला आजच कळलं.